लेन्सचा पासंग

दर बुधवारी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल बोलते. आज त्यातलं काही नाही. आज कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. ज्या गटांनी लग्न-बारशाच्या फोटोंचं काम घेतलंय किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांनी वही-पेन जवळ ठेवा. बाकीच्यांनी भाकरी थापत ऐकलं तरी चालेल.

आमच्या गटाने दीड वर्षापूर्वी अंतर्गत कर्ज काढून एक जुना डीएसएलआर कॅमेरा घेतला आणि त्याच्याबरोबर ७०-३०० ची टेलिफोटो झूम लेन्स. लेन्सही जुनीच. लांबून फोटो काढायची लेन्स कशाला, असं बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं होतं. कारण साधं होतं. मंडपात पुढची जागा व्हिडिओवाल्याची आणि नवऱ्याकडच्या पोरांची. त्या गर्दीत घुसून कोपरं खाण्यापेक्षा मागे पाटावर उभं राहून चेहरे टिपलेले बरे. शिवाय कॅमेरा लांब असला की आपल्या म्हाताऱ्या बाया पदर सावरून ताठ बसत नाहीत, आपल्या तंद्रीत हसतात, रडतात. ते फोटो लोकांना फार आवडतात.

फोटो काढायचं काम गटातल्या एका सुनेकडे होतं. नाव घेत नाही, आत्ता ती रेडिओ लावून बसली असणार. चार कामं बरी झाली. तीन बारशी आणि एक हळदीकुंकू, सगळी जवळून काढलेली, कॅमेऱ्याबरोबरच्या लहान लेन्सने. पाचवं काम लग्नाचं. तिथे पहिल्यांदा मोठी लेन्स लावली. अंतरपाट दूर झाला, वधूने हार घातला, हिने पटापट फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी आणून कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं, तर हारातल्या शेवंतीची पाकळी न् पाकळी मोजता येत होती आणि नवरीचे डोळे धुकट. एक नाही, दोन नाही, मोठ्या लेन्सचे जवळजवळ सगळेच तसे.

नवरीच्या वडलांनी राहिलेले पैसे द्यायला नकार दिला. त्यांचं काय चुकलं? मुलीचं लग्न काही परत लागणार नाही. पण महिन्याच्या बैठकीत जे झालं ते वाईट झालं. "हात कापतो तिचा." "दिवसभर खुरपणी करून आलेला हात, त्याला कॅमेरा कसा पेलणार?" असं बरंच बोललं गेलं. आणि समन्वयक म्हणून इतिवृत्त लिहिणारी मी. मी लिहिलं, की निष्काळजीपणे हाताळणी झाल्यामुळे गटाचं नुकसान झालं. ती काही बोलली नाही. सही केली आणि कॅमेऱ्याची पिशवी माझ्या घरी आणून ठेवली.

पंधरा दिवस पिशवी खुंटीला. मग एका रात्री मी ते फोटो पुन्हा काढून बसले. माझं बी.ए. मराठी घेऊन झालंय, यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत भरली. हात हलला असता तर सगळाच फोटो एका दिशेला फरपटल्यासारखा दिसला असता, शेवंतीसुद्धा. इथे शेवंती लखलखीत होती. म्हणजे हात स्थिर होता. फोकस डोळ्यांवर बसायचा तो डोळ्यांच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला बसला होता.

ही पहिली गोष्ट वहीत लिहून घ्या. फोटो बिघडला की आधी तो मोठा करून बघायचा, की त्यात कुठे तरी काही तरी स्वच्छ आहे का. कुठेच नाही आणि सगळं एका बाजूला ओढल्यासारखं आहे, तर हात हलला किंवा शटरचा वेग कमी पडला. ३०० वर झूम असेल तर आमच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला सेकंदाचा पाचशेवा भाग तरी वेग हवा. नुसता नवरीचा हातच पुसट आहे आणि बाकी ठीक, तर हात तिचा हलला. पण नको ती वस्तू स्वच्छ आणि हवी ती धुकट, आणि दर वेळी एकाच बाजूला, असं असेल तर माणसाला बोलायच्या आधी लेन्स तपासा.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. माफी वगैरे नीट मागता आली नाही, फोटोच दाखवले. तिच्या माहेरी किराणा दुकान. तिने फोटो बघितले आणि म्हणाली, "ताई, ह्याला पासंग आहे."

पासंग तुम्हाला ठाऊक आहे. तराजूची पारडी रिकामी असतानाच एक खाली जातं. मग दुकानदार दुसऱ्या पारड्याला दोरीने खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतो आणि काटा मध्ये आणतो. लेन्सचंही अगदी तसंच असतं. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो. त्यातला थोडा आत, तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे जातो. तो सांगतो, बसला फोकस. मग आरसा वर उचलला जातो आणि फोटो उमटतो मागच्या मोठ्या सेन्सरवर. म्हणजे मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा. दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या हव्यात. केसभर फरक पडला, की मोजणारा म्हणतो बरोबर आणि लिहिणारा धुकट लिहितो. लहान लेन्सवर हा फरक सहसा लपून जातो. मोठ्या झूमवर लपत नाही, कारण ३०० वर पाच मीटरवरून फोटो काढला तर स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो. तीन-चार बोटं म्हणा. चेहरा आणि गळ्यातला हार यांत त्याहून जास्त अंतर आहे.

जुन्या काळी हा घोळ नव्हता. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला फोकस हातानेच लावायच्या, डोळा आणि बोट हाच त्यांचा काटा. आपण काम यंत्रावर सोपवलं, तेव्हा यंत्राचा काटाही आपणच बघायला हवा.

आता तपासायचं कसं. आधी लेन्सवर पुढे काचेचा स्वस्तातला फिल्टर असेल तर तो काढा, कधीकधी दोष त्याचाच असतो. मग सगळ्यात सोपी परीक्षा. एकाच वस्तूचे काही फोटो डोळ्याला लावायच्या खिडकीतून बघून काढा आणि काही लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांत मागचा मोठा सेन्सरच फोकस बघतो. तिथे स्वच्छ आणि खिडकीतून धुकट, तर पासंग आहे. दोन्हीकडे धुकट, तर लेन्सच दुरुस्तीला न्या.

आम्हाला पासंग निघाला. मग अंगणात मांडणी केली. एका खोक्याला कॅलेंडरचं पान चिकटवलं, ठळक काळे आकडे असलेलं. त्याच्या शेजारी एक फळी तिरकी टेकवली आणि तिच्यावर शिलाईची टेप लावली, अशी की टेपवरचा ५०चा आकडा खोक्याच्या बरोबर रेषेत येईल. फोकस नेहमी खोक्यावर लावायचा, टेपवर नाही. तिरक्या वस्तूवर कॅमेरा चकतो. अंतर लेन्सच्या आकड्याच्या पंचवीसपट तरी हवं, म्हणजे ३०० मिलिमीटरला साडेसात मीटर, पंचवीस फूट. ७० वर तपासायचं तर सहा फूट पुरतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, खोक्याच्या अगदी समोर, त्याच उंचीवर. सकाळचं लख्ख ऊन. अॅपर्चर पूर्ण उघडं. लेन्सवर हात स्थिर ठेवणारं बटण असतं, ते बंद. फोकसचा मधला एकच ठिपका. बटण बोटाने दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा.

आणि दर फोटोआधी लेन्सची फोकसची कडी हाताने फिरवून चित्र मुद्दाम बिघडवायचं, मग पुन्हा फोकस घेऊ द्यायचा. ते नाही केलं तर कॅमेरा आहे तिथेच बसून राहतो आणि आपण फसतो. असे दहा फोटो काढा. दहाही एकाच बाजूला चुकले, तर आकडा बदलून काम होतं. कधी पुढे, कधी मागे असं झालं, तर आकड्याने काही होणार नाही, दुरुस्तीच.

आमचे दहाही पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला. मग मेनू उघडला. निकॉनमध्ये याला एएफ फाइन ट्यून म्हणतात, कॅननमध्ये एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट. उणे २० ते अधिक २० अशी पट्टी असते. फोकस पुढे बसत असेल तर अधिककडे जायचं, मागे बसत असेल तर उणेकडे. ती एकदम १० वर गेली, जरा जास्त झालं, मग ८, मग ९. काही कॅमेऱ्यांत झूमच्या दोन टोकांना वेगळे आकडे देता येतात, आमच्यात येतात. काहींत एकच आकडा असतो, तिथे आपण जिथे जास्त काम करतो त्या टोकाचा द्यावा. अगदी स्वस्त डीएसएलआरमध्ये ही सोयच नसते, हे विकत घेताना विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं, नशिबाने निघाली. आणि हा आकडा त्या कॅमेऱ्याचा आणि त्या लेन्सचा जोडीचा असतो. शेजारच्या गटाचा कॅमेरा उसना आणला तर पुन्हा खोका मांडायचा. आता आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आलेत, त्यांत मोजणारा आणि लिहिणारा एकच, म्हणून ही भानगड सहसा येत नाही. पण त्यांच्या किमती ऐकून आम्ही गप्प बसलो.

दुपारी उन्हं फिरली तेव्हा तिने सासूबाईंना पंचवीस फुटांवर ओट्यावर बसवलं आणि फोटो घेतला. मोठा करून बघितला. पापण्या दिसल्या, डोळ्यांतल्या पाण्यात समोरचं आंब्याचं झाडही दिसलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या सुरकुत्या दाखवायची काय गरज होती?"

नवरीच्या वडलांकडचे पैसे आम्ही सोडून दिले, ते मागण्यासारखे नव्हतेच. त्या महिन्याचा हप्ता आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून भरला, त्यात कुरकुर झाली, झाली. इतिवृत्तातली ओळ खोडत नाहीत, तो नियम मीच सगळ्यांना शिकवलाय. म्हणून पुढच्या बैठकीत नवा ठराव घेतला, की मागच्या ठरावातलं कारण चुकीचं होतं, दोष लेन्स आणि कॅमेऱ्याच्या जुळणीचा होता, आणि तो सदस्येनेच शोधून दुरुस्त केला. त्याखाली आकडे लिहिले, ३०० ला अधिक ९, ७० ला अधिक २. पहिली सही माझी.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या समाजमंदिराच्या अंगणात खोका मांडणार आहोत. ज्यांच्याकडे डीएसएलआर आणि मोठी लेन्स आहे त्यांनी बॅटरी चार्ज करून घेऊन या. ट्रायपॉड एकच आहे, तेव्हा जमलं तर तोही आणा. शिकवणार ती आहे, मी टेप धरणार आहे.