माठ घडविताना



कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो संप, बोनस नाहीतर महागाईभत्ता यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज आम्ही माठावर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे ग्रंथालयात आणि गेटसभांत झाले. पन्नाशी उलटल्यावर आम्ही माठ घडवायला शिकू लागलो आणि त्या मातीने आम्हांला आमची एक जुनी चूक दाखविली. तीच आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

घाटकोपरहून गाडीने शीवला उतरले की धारावीचा कुंभारवाडा पायी गाठता येतो. तेथील बहुतेक कुंभार मूळचे सौराष्ट्रातले. शहर वाढत गेले तसतशी त्यांची वस्ती दक्षिण मुंबईतून हलत गेली आणि १९३० नंतरच्या दशकात धारावीत स्थिरावली. तेथल्या एका घरी आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. घरचे म्हातारे चाकावर बसत. त्यांच्या पत्नीला सारे ‘बा’ म्हणत, म्हणून आम्हीही बाच म्हणू लागलो.

माठ चाकावर पुरा होत नाही, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. चाकावरून उतरते ते जाड भिंतीचे, बुडाला उघडे भांडे. ते सावलीत थोडे आवळले म्हणजे आतून दगडाचा गोळा धरावयाचा आणि बाहेरून लाकडी थापटणे मारावयाचे. भिंत पातळ होत जाते, पोट फुगते आणि बूड हळूहळू मिटते. ऐकायला सोपे आहे. आमचा दगड एकीकडे आणि थापटणे भलतीकडे! भांडे फाटले. बा म्हणाल्या, “भाई, हाताकडे काय बघता? आवाज ऐका.” दगड आणि थापटणे समोरासमोर आले, तर आवाज भरीव येतो, चुकले, तर पोकळ. तेवढे कानाला कळायला सात रविवार गेले. आठव्या रविवारी बूड मिटले. भट्टीतून निघालेल्या माठावर बांनी टिचकी मारली, तो बद्द वाजला. गोरोबाकाका असते तर त्यांनी आम्हांलाच कच्चे ठरविले असते!

माठाचे पाणी गार का होते, हेही तेथेच नीट उमगले. मातीत लीद किंवा भुसा मिसळतात. तो भट्टीत जळतो आणि बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाते, आणि जाताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. दहा लिटरच्या माठातले शंभर ग्रॅम पाणी असे उडाले आणि बाहेरची उष्णता आत शिरली नाही असे धरले, तर उरलेले पाणी सुमारे सहा अंशांनी उतरते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झपाट्याने होते. आपल्या दमट हवेत सावकाश. म्हणून येथे भिंतीची जाडी फार सांभाळावी लागते. जाड झाली तर पाणी गार होत नाही, फार पातळ झाली तर माठ फुटतो. हे शास्त्र बांच्या हातात होते. पण हिशेबाच्या वहीत त्यांचे नाव नव्हते; ते सारे ‘घरचे काम’! हे किती वर्षांत आले, असे विचारले, तर म्हणाल्या, “मोजलं नाही. मजुरी मिळाली असती तर मोजलं असतं.”

श्रोतेहो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालच्या अधिसूचनांत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग पाडले जात. सुमारे वीस वर्षांपूर्वी भांडुप-मुलुंड पट्ट्यातील एका कारखान्याच्या करारावर आम्ही सही केली. त्यात मालाची निवड करणाऱ्या बायांना ‘अकुशल’ रकान्यात घातले होते. यंत्रावरच्या पुरुषांची वाढ पदरात पडत होती, म्हणून आम्ही तो रकाना वाचून पुढे गेलो. बोटाच्या स्पर्शाने खोटा माल ओळखणाऱ्या त्या बाया! पुढे कारखाना बंद पडला. कायद्याने भरपाई दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची. वेतनच कमी, तेव्हा भरपाईही कमी. तो तोटा मालकाने एकट्याने केला नाही. खाली आमची सही आहे.

आमचे सांगणे थोडके आहे. एखाद्या कामाला अकुशल म्हणण्यापूर्वी ते आठ दिवस स्वतः करून पाहावे. आज धारावीच्या पुनर्विकासाचे नकाशे निघत आहेत. त्यांत चौरस फूट मोजताना भट्टी आणि वाळवणाची जागा मोजली जाते की नाही, आणि बांचे काम धंदा म्हणून लिहिले जाते की नाही, हे आपण नागरिकांनी विचारले पाहिजे.

त्या कारखान्यातल्या काही भगिनी आज या सभेत बसल्या आहेत. आम्हीच त्यांना बोलावले. त्यांची क्षमा चार भिंतींआड मागून भागण्यासारखे नव्हते, म्हणून येथे, सर्वांच्या देखत मागतो आणि आपली रजा घेतो.