गणिताची पदवी आणि शाळेचा फळा

गणिताची पदवी हाती पडली, की घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो ‘आता पुढे काय?’ हा. बँक, विमा, संगणक, स्पर्धा-परीक्षा ही नावे भराभर घेतली जातात. शाळामास्तरकीचे नाव निघते ते बहुधा सर्वांच्या शेवटी, आणि तेही दबक्या आवाजात. एवढे उच्च गणित शिकून अखेर त्रैराशिकच शिकवावयाचे काय, ही शंका त्यामागे असते. शंका प्रामाणिक आहे; तिचे उत्तरही तितकेच प्रामाणिक असावयास हवे.

या वाटेवरील टप्पे ठरलेले आहेत. माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधराला बी.एड. व्हावे लागते. पूर्वी एका वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम २०१५ मध्ये दोन वर्षांचा करण्यात आला. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, तर अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. पहिली ते पाचवीच्या वर्गांना मात्र बी.एड. पुरेशी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. लहान मुलांना शिकविणे ही मोठ्यांना शिकविण्याची सोपी आवृत्ती नव्हे, ते एक निराळेच शास्त्र आहे, हाच त्यातील बोध होय.

परंतु खरी परीक्षा या सर्व परीक्षांनंतर, वर्गात सुरू होते. सातवीतला एखादा मुलगा उभा राहून विचारतो, “ऋण गुणिले ऋण धन कसे?” नियम आहे म्हणून पाठ कर, असे सांगून त्याला खाली बसविता येते, पण त्याच क्षणी गणित म्हणजे न समजता मान्य करावयाची गोष्ट, अशी त्याची खूणगाठ बसते. पुढे आयुष्यभर टिकणारी गणिताची धास्ती अशाच एखाद्या तासाला जन्म पावते. जाणता शिक्षक फळ्यावर ऋण तीनचा पाढा उलट्या क्रमाने मांडतो. ऋण तीन दुणे ऋण सहा, ऋण तीन एके ऋण तीन, ऋण तीन शून्ये शून्य. दर पायरीला उत्तर तीनने वाढत आहे, हे मुलांनाच दिसते. मग ऋण तीनला ऋण एकने गुणिले तर काय यावे? वर्गातूनच उत्तर येते, “तीन!” संख्यांची शिस्त मोडू द्यावयाची नसेल, तर दुसरे उत्तर संभवतच नाही. महाविद्यालयातील बीजगणिताने शिकविलेली गोष्ट नेमकी हीच असते. पदवी येथे वाया जात नाही. ती पायात भरली जाते, म्हणून वरून दिसत नाही एवढेच.

या संदर्भात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२९ मध्ये पदवी घेऊन ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक झाले आणि १९६२ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांचा नाद मात्र अखंड होता. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी, आणि तीच कृती पुन्हा करीत जावे. ३५२४ पासून आरंभ केला, तर ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४ येते. पुढे ६१७४ हेच कायम राहते. सात पायऱ्यांच्या आत हा मुक्काम येतोच. आज जगभर ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते, आणि ती पडताळून पाहण्यास चौथीची वजाबाकी पुरते!

प्रत्येक शिक्षकाने नवा स्थिरांक शोधावा, असे कोणी म्हणणार नाही. नेमणुकीची प्रतीक्षा, तुटपुंजे मानधन, गच्च भरलेले वर्ग आणि शिकविण्याबाहेरची कामे यांचा विचार करूनच या वाटेवर पाऊल टाकावे. तथापि, ज्याला स्वतःला कळलेली गोष्ट दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहण्यात आनंद वाटतो, त्याने त्रैराशिकाला कमी लेखू नये. गणिताला भ्यालेले एक मूल आपण होऊन फळ्यापाशी येते आणि खडू मागते, त्या दिवशी पदवीचे काय केले, या प्रश्नाचे उत्तर निराळे द्यावे लागत नाही.