काचेवरचे शब्द
(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या महिला कार्यक्रमात झालेले भाषण)

दुपारची भांडी पालथी पडली असतील, आता घटकाभर बसा. आज विषय जरा वेगळा आहे. आपली पोरं मोबाइलवर गेम खेळतात हे तुम्हाला माहीत आहे. पण काही पोरं तो गेम खेळता खेळता जगाला दाखवतात आणि तोंडानं बोलतही असतात. त्याला लाइव्ह स्ट्रीमिंग म्हणतात. कीर्तनाला बसावं तशी शे-दोनशे, कधी हजार पोरं आपापल्या फोनवर ते बघत बसतात. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा हे करतो. वय 22. आणि या कामात मी त्याची मास्तरीण होते, म्हणून आज मीच बोलते आहे.

तो खेळतो तो बंदुकांचा गेम. शंभर खेळाडू विमानातून छत्री घेऊन उतरतात, घराघरांत शिरून बंदुका शोधतात, आणि शेवटपर्यंत जो टिकला तो जिंकला. एक डाव अर्धा तास चालतो. गेम फोनवर, फोन तारेनं जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला, त्यावर ओबीएस नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर. बघणाऱ्याला पडद्यावर गेम दिसतो आणि कोपऱ्यात चौकोनात आमच्या पोराचा चेहरा. शिवाय बाजूला बघणाऱ्यांचे निरोप सारखे वर सरकत असतात, त्याला चॅट म्हणतात. म्हणजे हात खेळात, डोळा चॅटवर, आणि तोंड बोलतंय. चुलीवर भाकरी, कडेवर पोर आणि दारात पाहुणा असला की आपलं जे होतं, तेच.

त्याची अडचण अशी की खेळायला लागला की शब्द सुचायचे नाहीत. तसा तो अबोलच. मग वहीत लिहून ठेवायचा आणि मांडीवर वही ठेवून वाचायचा. चौकोनात दिसायचं काय, तर मान खाली घातलेला पोरगा. बघणारे लिहायचे, "भाऊ, झोपलास का?"

मग त्यानं टेलिप्रॉम्प्टर आणला. आणला म्हणजे घरीच केला. टीव्हीवर बातम्या देणारी बाई कागद न बघता सरळ आपल्याकडे बघून घडाघडा बोलते ना, ती पाठ केलेलं म्हणत नसते. तिच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर तिरकी काच असते आणि काचेवर अक्षरं सरकत असतात. हे यंत्र अमेरिकेत 1950 च्या सुमाराला निघालं. एका नटाला संवाद लक्षात ठेवायला काही तरी हवं होतं. ह्यूबर्ट श्लाफ्ली नावाच्या इंजिनिअरनं ते बनवलं, तेव्हा त्यात कागदाची गुंडाळी होती, तीवर मोठी अक्षरं, आणि गुंडाळी मोटरीवर फिरायची. आता कागदाच्या जागी फोन आला.

काचेची गंमत तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला की पुढच्या काचेत आपलीच तोंडं दिसायला लागतात आणि ड्रायव्हर ओरडतो, "दिवा बंद करा!" त्याला काचेतून रस्ताही दिसतो आणि आपणही दिसतो. तेच इथे. काच कॅमेऱ्यासमोर तिरकी उभी करायची, खाली फोन आडवा ठेवायचा. फोनवरची अक्षरं काचेवर उमटून वाचणाऱ्याकडे येतात. कॅमेरा काचेच्या मागे असतो, त्याला अक्षरं दिसत नाहीत, फक्त चेहरा दिसतो. मागून काळं फडकं टाकायचं. अक्षरं फोनवर उलटी करावी लागतात, आरशात सुलटी दिसतात तशी. त्याचं फुकटचं ॲप मिळतं. आमच्या पोरानं काच घेतली ती सासऱ्यांच्या फोटोच्या फ्रेमची. त्यावरून घरात जे झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. विकतची काच खास मुलामा दिलेली असते, अक्षरं ठळक दिसतात. फ्रेमच्या काचेवर फिकट दिसतात, पण खोलीत अंधार केला की चालतं.

आता मी यात कशी आले? या केंद्रावर मी चार वर्षं बोलते आहे. पहिल्यांदा आले तेव्हा चार पानं लिहून आणली होती आणि शाळेतल्या धड्यासारखी वाचली. इथल्या ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, कागदाचा वास येतोय." त्यांनीच शिकवलं. एका ओळीत एका श्वासात मावेल तेवढंच लिहायचं. थांबायचं तिथे उभी रेघ. आकडे अक्षरांत लिहायचे, म्हणजे अडखळायला होत नाही. आणि लिहिण्याआधी तोंडानं बोलून बघायचं, तोंडाला आलं तेवढंच कागदावर.

हे सगळं मी पोराला शिकवलं. काचेसाठी आणखी दोन गोष्टी आम्ही चुकत-माकत शिकलो. ओळ अरुंद हवी, चार-पाच शब्दांची. रुंद ओळ असली की वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे पळतात आणि बघणाऱ्याला ते कळतं. आणि जरा लांब बसायचं, दोन हातांवर, म्हणजे नजर स्थिर दिसते.

पण बातम्या वेगळ्या आणि गेम वेगळा. ॲपमध्ये अक्षरं आपोआप सरकत राहतात, आणि गेममध्ये शत्रू काही सांगून येत नाही. पोरगा गोळ्या झाडण्यात गुंतला की काचेवरची चार वाक्यं निघून गेलेली. मग तो पाचव्यापासून सुरू करायचा, "...आणि म्हणूनच मित्रांनो!" कशाम्हणून, ते कुणालाच माहीत नाही. शेवटी सरकणं बंद केलं. एकेक चिठ्ठी ठेवली, तीन-तीन शब्दांची. नवीन आलेल्यांचं स्वागत. उद्याची वेळ. पाणी पी. चिठ्ठीवर फक्त आठवण, बोलायचं आपल्या शब्दांत. सबंध वाचायचं असेल ते डाव सुरू होण्याआधी, खेळाडू गोळा होईपर्यंत. काही जण तर काचेवर चॅटच लावतात, म्हणजे निरोप वाचतानाही नजर बघणाऱ्याकडेच राहते. ती युक्ती मला सगळ्यात पटली.

एकदा फजिती झाली. ओबीएसमध्ये गेमच दाखवायचा की कॉम्प्युटरचा अख्खा पडदा दाखवायचा, हे आपण निवडायचं असतं. त्यानं चुकून अख्खा पडदा निवडला आणि पडद्याच्या बाजूला मी लिहून दिलेला मजकूर उघडा होता. त्यात मी कंसात लिहिलं होतं, "इथे हस." बघणारी पोरं अर्धा तास एकच लिहीत होती, "भाऊ, हस ना." तेव्हापासून मजकूर वेगळ्या फोनवर.

आता पुढचं सांगते. ते सांगायलाच आज आले आहे.

गेल्या जूनमध्ये त्याला एका ॲपवाल्यांचा निरोप आला. रंग ओळखा आणि पैसे जिंका, असलं ते ॲप. नाव घेत नाही. एका मिनिटाच्या मजकुराचे 8,000 रुपये देतो म्हणाले. मजकूर त्यांनीच पाठवला. पुस्तकी मराठी होती. "त्वरित नोंदणी करून लाभ घ्यावा." पोरगा म्हणाला, "काकी, हे तोंडात बसत नाही, जरा आपल्यासारखं करून देता का?" मी कणीक मळत होते. हात पुसले आणि करून दिलं. त्यात एक वाक्य होतं, "मी स्वतः दोन तासांत चार हजार जिंकले." मी त्याला विचारलं नाही, खरंच जिंकलास का? उलट त्या वाक्याचे तीन तुकडे केले आणि मध्ये रेघ मारली, म्हणजे दम घेऊन छान म्हणता येईल. "उद्यावर टाकू नका" हे तर माझ्याच पदरचं.

त्या रात्री त्यानं ते इतकं सुरेख म्हटलं, की मीच खूश झाले. काचेतून सरळ डोळ्यांत बघून, कागदाचा वास नाही. त्याला पहिल्यांदाच असं जमलं होतं.

तीन आठवड्यांनी गटाची बैठक होती. आमच्या गटाच्या कर्जाचा हप्ता बँकेत भरायला एका मैत्रिणीनं आपल्या मुलाकडे दिला होता, 6,200 रुपये. बँकेतून फोन आला, हप्ता नाही. तिनं पोराला विचारलं, तेव्हा तो रडायला लागला. त्यानं ते पैसे रंगाच्या ॲपमध्ये घातले होते. पहिल्या दिवशी 300 जिंकला, मग सगळे गेले. बैठकीत ती मला म्हणाली, आवाज न चढवता, "तुमच्या घरातलाच मुलगा म्हणत होता, मी जिंकलो म्हणून. माझ्यानं विचारलं, तर म्हणे भाऊ खोटं कशाला बोलेल?"

हे मी तिची परवानगी घेऊन सांगते आहे. तीच म्हणाली, सांगा.

मी घरी आले आणि पोराला बोलावलं. तो म्हणाला, "काकी, मी ते ॲप उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. लिहिलेलं होतं, वाचलं." आणि मी तरी काय केलं होतं? माझ्या हातचं अक्षर होतं ते. दुसऱ्याचं बोलणं आपलं वाटावं अशी कला मी त्याला शिकवली आणि ते बोलणं काय आहे हे मीच वाचलं नाही. वाचलं म्हणजे ओळी तोडण्यापुरतं वाचलं.

त्यानं 8,000 मधून 6,200 त्या मैत्रिणीला नेऊन दिले. आमच्या अक्का, म्हणजे त्याची आई, महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडतो, त्याची बॅटरी त्या पैशांतून यायची होती. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पोरानं कमावलेले ते पहिले पैसे होते.

मग एका रात्री लाइव्हमध्ये त्यानं काच बाजूला ठेवली आणि बोलला. मी खोलीत होते. "मी ते जिंकलो नव्हतो. मला लिहून दिलं होतं." इतकं म्हणायला त्याला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात गेममध्ये त्याला कुणी तरी मारलंसुद्धा. चॅटवर काही पोरं हसली, काही शिव्या देऊन निघून गेली. एकानं लिहिलं, "माझे पण गेले." मग आणखी एकानं. तो पडद्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं आपलं कोण ऐकतंय.

त्यानंतर, 2025 च्या ऑगस्टमध्ये, संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. घरात त्यावरून गोंधळ होतो, म्हणून नीट ऐका. गेम खेळणं, ते दाखवणं, त्याच्या स्पर्धा, याला बंदी नाही. पैसे लावून पैसे जिंकायचे गेम चालवायला बंदी आहे, आणि त्यांची जाहिरात करायलाही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा ज्याचे पैसे गेले त्या पोरानं भिऊन गप्प बसू नये. कुणी फसवून पैसे काढले असतील तर 1930 या नंबरावर लगेच फोन करायचा. लगेच म्हणजे त्याच दिवशी. पैसे पुढे सरकायच्या आत खातं अडवता येतं.

अजून एक. यूट्यूबवर 16 वर्षांखालच्या मुलाला एकट्यानं लाइव्ह जाता येत नाही. तुमच्या घरात दहावीतलं पोर लाइव्ह जात असेल तर ते कुणाच्या खात्यावरून जातं, एवढं विचारा.

पोराचा गेम चालू आहे. बघणारे थोडे कमी झाले होते, आता भरून निघत आहेत. काच परत बसवली आहे, चिठ्ठ्याच ठेवतो. मध्यंतरी एका हेडफोनवाल्यांचा मजकूर आला. या वेळी त्यानं हेडफोन मागवून आठ दिवस वापरले. मजकुरात होतं, "आवाज जबरदस्त." त्यानं लिहिलं, "आवाज बरा आहे, वायर आखूड आहे." कंपनीनं वायरचं वाक्य काढायला सांगितलं. त्यानं काढलं नाही, आणि काम गेलं. मला वाटतं वायरसाठी इतकं ताणायला नको होतं, पण तो ऐकेना. आता पैसे घेऊन बोलायचं असेल तर आधी सांगतो, ही जाहिरात आहे, आणि यूट्यूबवर तशी खूण करायची असते तीही करतो.

अक्का बोलायला लागल्या आहेत. बॅटरी मात्र अजून आलेली नाही.

आपल्या गटाच्या चटण्यांचा व्हिडिओ करायचा ठरलं आहे, त्यासाठी ती काचेची पेटी मी केंद्रावर आणून ठेवली आहे. मंगळवारी अकरा ते एक मी इथे असेन. येताना आपलं बोलणं कागदावर लिहून आणा, पण आधी तोंडानं बोलून. आणि काच दुसरी घेतली आहे, सासऱ्यांच्या फोटोची फोटोला परत लावली, हेही घरी सांगा, कारण अजून विचारणा होते.