गुन्हेगार जन्मतो की घडवला जातो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम कोठे जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. ती गावाबाहेरच्या माळावरील पारध्यांच्या पालांकडे वळते. पुरावा नंतर गोळा होतो. संशयित आधीच ठरलेला असतो. ही एखाद्या फौजदाराची लहर नव्हे. तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, एक कायदा आहे आणि त्या कायद्यामागचे अर्थकारण आहे. गुन्हा का घडतो आणि गुन्हेगाराशी समाजाने कसे वागावे, या प्रश्नाचा विचार तेथून सुरू केला तर पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींचा गुन्हा हाच पिढीजात धंदा आहे, असे त्याचे गृहीतक होते. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर! गुन्हेगार हा शरीररचनेवरून ओळखू येणारा वेगळाच मानवप्रकार असतो, असे सांगणारा लोंब्रोझोचा ग्रंथ इटलीत १८७६ साली निघाला. त्याच्या पाच वर्षे आधीच हिंदुस्थानात जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला होता.

परंतु या जमाती त्यापूर्वी काय करीत होत्या? लमाण बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर व्यापार करीत. मिठावर सरकारी मक्तेदारी आणि कर आला, १८५३ पासून रेल्वे धावू लागली आणि तांड्यांचा धंदा बसला. रामोशी किल्ल्यांची आणि गावांची राखण करीत. १८१८ साली पेशवाई गेली, किल्ल्यांवरच्या नेमणुका गेल्या आणि पुढे उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. पारधी शिकारीवर जगत. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली आणि कालपर्यंतची उपजीविका आज अपराध ठरली. आधी साधन हिरावले गेले आणि मग साधनहीन माणसावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. हा क्रम ध्यानी घेतल्याखेरीज या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

१९११ साली हा कायदा अधिक कडक होऊन मुंबई इलाख्यातही आला. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी आणि परवान्याशिवाय वस्ती सोडण्यास बंदी, असा तो जाच होता. सोलापूरची सेटलमेंट म्हणजे काटेरी तारांच्या कुंपणातला संसार. तेथील माणसे शहरातल्या गिरण्यांत राबत आणि पुन्हा कुंपणात परतत. म्हणजे ज्यांना ‘श्रम नको असलेले चोर’ म्हटले जात होते, त्यांच्याच श्रमावर गिरण्यांची चाके फिरत होती. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद तर १८९७ च्या दुरुस्तीनेच झाली होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. माणसे विमुक्त झाली. शिक्का मात्र मुक्त झाला नाही. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले; मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. त्यांत जमातीचे नाव नव्हते. परंतु पोलीस ठाण्यातली नजर जुनीच राहिली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने हे वास्तव मराठी वाचकापुढे ठेवले. १९९८ साली पश्चिम बंगालमध्ये बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा महाश्वेतादेवींनी त्या प्रश्नावर देशाचे लक्ष वेधले. आणि कायदा रद्द होऊन ७२ वर्षे लोटल्यावर, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला, की तुरुंगाच्या नियमपुस्तिकांत जातीनुसार कामे वाटणे आणि विमुक्त जमातींतील माणसाला सराईत गुन्हेगार मानणे घटनाबाह्य आहे. तोवर ही वचने सरकारी पुस्तकांत सुखेनैव नांदत होती!

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. दारिद्र्य हेच गुन्ह्याचे कारण असेल, तर सगळे दरिद्री चोर का होत नाहीत? आक्षेप योग्य आहे. कोट्यवधी गरीब माणसे उपाशी राहतात, पण दुसऱ्याच्या धान्याला हात लावीत नाहीत. उलट सदरीला डाग न पडू देता बँका बुडवणारे पोटासाठी चोरी करीत नसतात. सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ सालीच अशा प्रतिष्ठित गुन्हेगारीकडे बोट दाखवले होते. तेव्हा दारिद्र्य आणि गुन्हा यांचे समीकरण मांडणे चूक आहे. खरी गोष्ट अशी, की दारिद्र्य गुन्हा कोण करतो यापेक्षा गुन्ह्यासाठी आत कोण बसतो, हे अधिक निश्चितपणे ठरवते. आणि ज्याला काम मिळत नाही, रेशनकार्ड मिळत नाही, ज्याच्यावर कोणी विश्वास टाकीत नाही, त्याच्यापुढचे सरळ मार्ग समाज एकेक करून बंद करतो. उरलेल्या मार्गाने तो गेला, की ‘पाहा, रक्तच तसे!’ म्हणायला समाज मोकळा.

२०२२ अखेरचे सरकारी आकडे बोलके आहेत. देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा होता. त्यांत सगळेच निरपराध होते असे नव्हे. परंतु ज्याला जामीनदार मिळतो तो घरी जातो आणि ज्याला मिळत नाही तो आत कुजतो, ही न्यायाची नव्हे, ऐपतीची कसोटी आहे. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील असेच कैदी सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि खटला लवकर चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. तरी आकडे हे असे आहेत.

मग गुन्हेगाराला शिक्षा करूच नये काय? अवश्य करावी. ज्याचे घर फुटले तोही बहुधा गरीबच असतो आणि त्याचे दुःख खरे असते. परंतु शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चिती गुन्ह्याला अधिक आवरते, हे बेक्कारियाने १७६४ साली सांगून ठेवले आहे. आणि शिक्षा कृत्याला असावी, कुळाला नव्हे.

याहून वेगळा मार्ग असू शकतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना; राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी तिला पाठबळ दिले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतींविना राहिले, शेती करू लागले, कुटुंबासह नांदू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मागे हीच प्रेरणा होती. चित्रपटाला टाळ्या मिळाल्या. स्वतंत्रपूर मात्र नियम न होता अपवादच राहिले. सोलापूरच्या कुंपणात माणसाला ‘तू चोर आहेस’ असे रोज हजेरी घेऊन सांगितले जात होते. स्वतंत्रपुरात त्याच्या हाती जमीन आणि जबाबदारी दिली गेली. दोन्ही प्रयोग याच भूमीत झाले. कोणता चालू ठेवायचा, हे समाजाने ठरवायचे आहे.

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे तेवढे वगळले आहेत. मुदत भरताच तुरुंग अधीक्षकाने न्यायालयाला लेखी कळवावयाचे आहे. परंतु एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. ज्या पालावरच्या माणसाला दिसेल त्या चोरीत गोवले जाते, त्याच्यावर खटले एकाहून अधिकच असणार! म्हणून तालुक्यातील असे कैदी शोधणे, त्यांना वकील मिळवून देणे, प्रत्येक खोट्या गुन्ह्याला वेळीच हरकत घेणे, पालावरच्या मुलाला शाळेत आणि त्याच्या आईला रेशनच्या यादीत नाव मिळवून देणे, हे परिषदेतल्या ठरावाइतकेच महत्त्वाचे राजकीय कार्य आहे.

पुढच्या वेळी गावात चोरी होईल आणि गाडी माळाकडे वळेल, तेव्हा पोलिसांच्या आधी तेथे एक तरी कार्यकर्ता पोचलेला असावा, आणि त्याने एवढेच विचारावे: पुरावा काय आहे? जन्माखेरीज दुसरा काही आहे काय?