पितळी काडतुसाची पारख



रायफलीच्या काडतुसाचे कवच ज्या पितळेचे घडवितात, तीत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. रिकामे कवच पुन्हा भरून वापरणारे परदेशांतील जाणते नेमबाज त्याची प्रत चकाकीवरून ठरवीत नाहीत. भिंतीची जाडी सर्वत्र सारखी आहे काय आणि मान तापवून नरम केलेली आहे काय, हे ते पाहतात. लष्करी कवचाच्या मानेवरील निळसर छटा हा दोष नसून त्या तापविण्याची खूण होय.

या पारखीमागे भारतातील एक जुना अनुभव आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडविताना पितळेत राहिलेला ताण ही त्याची कारणे १९२१ मध्ये उलगडली. मंद आचेवर तापवून तो ताण घालविणे, हा त्यावरील उपाय ठरला.

म्हणून परवानाधारकांनी काडतुसे गोठा व रासायनिक खते यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावीत. तडा गेलेले काडतूस कदापि वापरू नये; ते फुटल्यास तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. काडतुसे बनविण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो, याचेही भान असावे.