दहावीच्या पोरांनो, कायदा असा वाचा
(संघटनेच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो, आणि शालान्त परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींनो,

परीक्षा जवळ आली. तुम्ही नागरिकशास्त्राची कलमं घोकताय. कलम 14 समानता, कलम 23 वेठबिगारीला बंदी. नुसतं घोकलेलं आठ दिवस टिकतं. आम्हाला कचेरीत खेटे घालून सापडलेली रीत सांगतो.

कुठलाही कायदा समोर आला की चार गोष्टी विचारा. हक्क कोणाचा? बंधन कोणावर? कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत? अट काय? उत्तरं वहीत चार ओळींत लिहा.

सरावाला आपलाच कायदा घ्या, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा, 1974 चा. हक्क कोणाचा? जमीन गेलेल्या आदिवासीचा, त्याच्या वारसांचाही. बंधन कोणावर? जमीन घेतलेल्या बिगर-आदिवासीवर. तारीख? व्यवहार 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 मधला पाहिजे. अट? जमीन स्वतः कसण्याची हमी आणि ठरलेली रक्कम.

आता गणित घाला. 1955 साली विकलेली जमीन यात बसते का? नाही. 1962 ची? तारखेत बसते, मग बाकीच्या अटी बघा. 1980 ची? तिथं जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ उघडा. 6 जुलै 1974 नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. तारीख चुकली तर पेपरात मार्क जातो, कचेरीत जमीन जाते.

शब्दही नीट धरा. हस्तांतरण म्हंजे नुसती विक्री नव्हे. गहाण, बक्षीस, अदलाबदलही त्यात येते. असंच संविधानात बघा. आधी मूलभूत हक्क 7 होते. 44 व्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क त्यातून काढला, उरले 6. पण तो हक्क पुसला नाही. कलम 300 अ सांगतं, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. ‘काढला’ आणि ‘पुसला’ यातला फरक ज्याला सांगता येतो, त्याचं उत्तर पुरं.

उजळणी घरीच करा. रात्री चुलीपाशी आजीला एक कलम आपल्या बोलीत सांगा. तिनं विचारलं आणि तुम्ही अडलात, तर तेवढंच सकाळी परत वाचा. मग घरचा सातबारा काढा. नमुना 7 वर नाव कोणाचं, नमुना 12 वर पीक कोणाचं, ते वाचून दाखवा.

आपल्या म्हाताऱ्यांनी अंगठे दिले तेव्हा कागदात काय लिहिलंय ते सांगणारं घरात कोणी नव्हतं. आता तुम्ही आहात. म्हणून पास व्हाच, पण समजून पास व्हा.

रविवारी जुने पेपर सोडवू. येताना वही आणि सातबारा आणा.

जिंदाबाद!