फीबी ब्रँड : काळ्या यादीने न संपलेली अभिनेत्री



दडपशाहीचा इतिहास सांगताना नावे येतात ती चौकशी करणाऱ्यांची, नाहीतर फितूर झालेल्यांची. ज्यांची भाकरी हिरावली गेली आणि तरीही ज्यांनी आपले काम सोडले नाही, ती माणसे मात्र विस्मृतीत जातात. अमेरिकन अभिनेत्री फीबी ब्रँड यांचे स्मरण त्यासाठी करावयाचे.

१९०७ साली न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे त्यांचा जन्म झाला. १९३१ साली, महामंदीच्या ऐन काळात, हॅरल्ड क्लर्मन, शेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी 'ग्रुप थिएटर' उभारले. ब्रँड त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. एकट्यादुकट्या 'तारके'ऐवजी समूहाचा अभिनय आणि बेकारीने पिचलेल्या समाजाचे वास्तव हे या मंडळींचे ध्येय होते. क्लिफर्ड ओडेट्स यांच्या १९३५ सालच्या 'अवेक अँड सिंग!' या नाटकात ब्रँड यांनी हेनी या मुलीची भूमिका केली. १९४१ साली ग्रुप थिएटर विसर्जित झाले. पुढे हॉलिवूडच्या 'अ‍ॅक्टर्स लॅबोरेटरी'त त्या अभिनय शिकवू लागल्या.

नंतर मॅकार्थीपर्व आले. त्यांचे पती, नट मॉरिस कार्नोव्हस्की यांनी १९५१ साली चौकशी समितीपुढे कोणाचीही नावे सांगितली नाहीत. १९५२ साली मात्र ग्रुप थिएटरमधील जुना सहकारी एलिया कझान याने त्याच समितीपुढे आठ जणांची नावे घेतली. त्यांत हे पतिपत्नी होते. एका ताटात जेवलेल्या सोबत्यानेच शब्द उच्चारला आणि चित्रपटांची दारे बंद राहिली. भीतीचे राज्य पोलिसांपेक्षा मित्रांच्या जिभेवर अधिक चालते, हा यातला कटू धडा आहे.

परंतु केवळ बळी म्हणून ब्रँड यांची आठवण काढणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरेल. काळ्या यादीत नाव गेले, तरी विद्या कोणास हिरावून घेता आली नाही. त्या शिकवीत राहिल्या. साठीच्या दशकात त्यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील रस्त्यांवर इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांत विनामूल्य नाटके होऊ लागली. ज्यांना तिकीट परवडत नाही, त्यांच्या दारी रंगभूमी गेली. आपल्याकडील कलापथकांत राबलेल्या कार्यकर्त्यांना या कामाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

१९९४ साली लुई माल यांच्या 'वान्या ऑन फॉर्टी सेकंड स्ट्रीट' या चित्रपटात चेखॉव्हची वृद्ध दाई त्यांनी साकारली. तेव्हा त्यांचे वय ८६ होते. भूमिका लहान, परंतु त्या शांत चेहऱ्यामागे सहा दशकांची तपश्चर्या उभी होती.

१९९९ साली कझान यांना मानद ऑस्कर देण्यात आले, तेव्हा सभागृहातील अनेकांनी टाळ्या वाजविल्या नाहीत. ब्रँड २००४ साली निवर्तल्या. त्यांच्या वाट्याला तसला सोहळा आला नाही. सन्मान कोणाला मिळाला, हा प्रश्न इतिहासात गौण असतो. संकटकाळी कोण कोणाच्या बाजूस उभे राहिले आणि नंतर कोणते काम करीत राहिले, हाच खरा हिशेब. तो हिशेब ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.